बंबाचा नळ

डहाणू स्टेशनबाहेर तलासरीच्या एसटीची वाट बघत माझ्यापुढे दोघी उभ्या होत्या. थोरलीच्या हातात पितळी नळाचा मोडका तुकडा होता.

"हिरकणीवहिनी, हे काय घेऊन फिरताय?"

"बंबाचा नळ गं, निलम. परवाच्या भूकंपात बंब आडवा झाला नि नळ मोडला. इथे असला कुणाकडेच मिळेना. आता तलासरीला बघते."

"त्यापेक्षा गिझर बसवा ना."

"गिझर आहे की. बंब सासऱ्यांना लागतो."

"ते तर दिवाळीआधीच गेले ना?"

"गेले. पण रोज पहाटे बंब पेटलेला असतो. आंघोळ करतात नि जातात. आम्ही कुणी न्हाणीकडे बघत नाही."

"आणि आता?"

"आता बंबात पाणीच राहत नाही. मग घरभर फिरतात. काल आमच्या निधीच्या उशाशी येऊन तिला हाक मारली."

"तिने ओ दिली?"

"मी तिच्या तोंडावर हात ठेवला."

एसटी आली. दोघी चढल्या नाहीत.

"वहिनी, आमचा जुना बंब माळ्यावर पडून आहे. चला, त्याचा नळ काढून देते."

"खरंच देशील?"

"देते. फक्त कुणाच्या घरून आणला, ते त्यांना सांगू नका."