घट्ट दूध

चहा पातळ झालाय म्हणू नका गड्यांनो, आई ऐकंल.

आमच्या जर्सी गाईला कालवड झाली. चीक सरल्यावर गाईचं दूध डेअरीला घालायचं म्हणून मी यवतवरनं वासरांची दूध पावडर आणली. दुकानदारानं पाण्याचं माप नीट सांगितलं, तसंच कालवलं. आईनं बादलीत डोकावलं.

"निवळ पाणीच हाय की रं! तुझ्या लेकराला पाजशील का असलं?"

मी रानात गेलो की ती ओंजळीनं पावडर वाढवायची. कालवडीला हगवण लागली. डॉक्टर म्हणाले, "आजी, पावडर जास्त झाली, त्यानंच पोट बिघडलं." कालवड गेली. आई गळा काढून रडली.

आता दुसऱ्या गाईलाबी कालवड झालीय. सकाळी गोठ्यात गेलो, तर आई बादली ढवळत बसलेली. काठी उभी राहील इतकं घट्ट.

म्हणली, "पहिली उपाशीच गेली रं. हिला न्हाई जाऊ द्यायची."