हळू घे रे

(धरणगाव, १९९७. दोन जावा ओट्यावर. नळाला पाणी आलंय.)

अक्का – कोंबडी बसली शे अंड्यांवर.

भागा – वांग्यात मीठ जास्त पडलंय.

अक्का – चिंधाची म्हैस विकली गेली.

भागा – ऊन सरकलं बघा.

अक्का – दखाड.

भागा – काय दाखवू?

अक्का – पोट. बठ्ठ्या गल्लीले दखाडलं, माले नही.

भागा – सगळ्या गल्लीला कुठे? शेजारच्या बेबाबाईनंच पदर ओढला. हे घ्या, बघा.

अक्का – एवढंच? डास चावल्यासारखं!

भागा – तेवढ्यातूनच दुर्बीण घालतात. आतलं टीव्हीवर बघतात. खाली आलेलं अंग वर ओढून पट्टीनं बांधलं. पिशवी काढलीच नाही.

अक्का – तुनी पिशवी टीव्हीवर! आम्ही अजून टीव्ही बघायला शेजारी जातो.

भागा – हसवू नका, टाके ओढतात.

अक्का – छगननं बायकोले जळगावले नेलं. जीप करून.

भागा – खड्डा आला की ड्रायव्हरला म्हणायचे, हळू घे रे.

अक्का – हळू घे रे! आता घरी बी तेच. शिरा खा, पाय वर ठेव.

भागा – जड उचललं तर परत खाली येईल, म्हणाल्या डॉक्टरीणबाई.

अक्का – म्हणून तुना हंडा मी आणते. राणीचं अंग तुनं!

भागा – मी हौसेनं गेले का अक्का? बसवत नव्हतं. लघवी अडायची.

अक्का – बोटानं आत ढकललं की होते मोकळी.

भागा – तुम्हाला कसं माहीत?

अक्का – हंडा भरला असंल. जाते.

भागा – थांबा. उचलू नका. कधीपासून?

अक्का – तुना लग्नात नाचले ना मी? आत फडकं घट्ट बांधून नाचले.

भागा – नानांना सांगितलं नाहीत?

अक्का – मना नवरा काय छगन शे?

भागा – मला तरी सांगायचंत.

अक्का – मग तुना हंडा कोण आणतं?

भागा – वाहू दे पाणी. आज ह्यांना सांगते. जीप तुमच्यासाठीही येईल.

अक्का – तुना नवरा मनासाठी म्हणीन, हळू घे रे?

भागा – मी बसेन ना शेजारी. मी म्हणेन.

अक्का – कधीपासून, तर मना सुकदेव झाला तवापासून. पाचवी पुजली आणि मी विहिरीवर गेले. हंडा तांब्याचा होता.