आमटीला दोन गुण

हॅलो? … कोण, हेरंब? बरं झालं, तूच फोन केलास. गणपतीच्या महाप्रसादाचं काम माझ्याकडून काढलंत म्हणे? सगळ्या वाडीला कळलं, नयनाआत्याला शेवटी! … कॉम्प्युटरनं ठरवलं? अरे, तो कधी जेवला माझ्याकडे?

… हो, हो. ऐकतेय. बोल.

… वजनं? कसली, गुळाची? … नाही? मग?

… थांब, थांब. आंबट, तिखट, गोड, मसाला… यातल्या कुणाचं किती ऐकायचं, तो आकडा म्हणजे वजन. बरं. … आणि हे आकडे सुरुवातीला कोण ठरवतं? … कुणीच नाही? वाट्टेल ते घालता? धन्य आहे!

… हं. … हं. मग कुठली आमटी किती आवडेल याचा तो अंदाज करतो, चुकला की आकडे जरासे हलवतो, परत अंदाज. … हे मला काय शिकवतोस? मी आमटी चाखून चिमूटभर मीठ टाकते, परत चाखते, तसंच की! … पण मला जीभ आहे. तो चुकला, हे त्याला कोण सांगतं?

… चाखणाऱ्यांचे शेरे. अच्छा, महिनाभर सगळ्यांच्या आमट्या चाखल्यात, त्या यासाठी! … काय, गोडाला सगळ्यात जास्त वजन? ते कसं? … गजेंद्रभाई गोड आमटीला ‘बहु सरस’ म्हणाले, म्हणून पाच गुण. त्यांना गोड आवडतं, आवडू दे. … आणि माझ्या आमटीला दत्तात्रेयकाका काय म्हणाले?

… ‘ठीक आहे.’ मग? … किती गुण?

दोन?

अरे, तीनदा वाढून घेतली त्यांनी! वाटी तोंडाला लावली! … शेऱ्यात नाही म्हणजे? त्यांच्या कमलाकाकूंना अख्ख्या संसारात याहून मोठी शाबासकी मिळाली नाही! … आणि लीलाताई काय म्हणाल्या? … ‘बरी झालीये.’ त्या शेऱ्यालाही दोनच? अरे, वाईट असती तर त्या अर्धा तास बोलल्या असत्या! बडोद्याच्या मराठी घरातच वाढलास ना तू?

… नको, मेहेरबानी नको. काम दे म्हणत नाहीये मी. शेऱ्यांचे गुण नीट लाव, त्याला पुन्हा शिकव. मग हरले तर हरले. … संध्याकाळी बैठक आहे ना? त्याआधी.

… आणि ऐक ना. काल तुमच्या घरी, वहिनीकडे, डबा पाठवला होता. आमटी खाल्लीस? … सगळी? … कशी होती?

… काय? परत म्हण.

… ‘ठीक होती.’

हं. आता याला किती देतोस ते बघ. ठेवते.