ओल्या बोर्डावरचं कापड

बोर्ड रंगवायला शिकायचंय ना? मग पहिली टीप घ्या: ओला बोर्ड झाकू नये. झाकलाच, तर पातळ कापडाने झाकावा.

डोंबिवलीत आमच्या नंदूच्या फरसाणच्या दुकानाचं उद्घाटन होतं. फीत कापायला कळव्याहून त्याचे सासरे आलेले. "आमच्या जावयाचं एक काम वेळेवर होत नाही," हे त्यांचं आवडतं वाक्य. बोर्ड मी त्याच सकाळी रंगवून टांगलेला, ऑइलपेंट अजून ओला. मी चहाला गेलो, तेवढ्यात नंदूने अनावरणासाठी त्यावर कापड चढवलं.

"नंद्या, कापड कुठून आणलंस?"

"घरात होतं रे."

सासऱ्यांनी दोरी ओढली. कापड हलेना. जोर लावला, तसं ते फर्रकन सुटलं आणि अक्षरांचा निम्मा रंग घेऊन खाली आलं.

"बघा! बोर्डसुद्धा अर्धवट!" सासरे म्हणाले. नंदूचा चेहरा पांढराफटक.

मी कापड उचललं. मलमल इतकी पातळ, की रंग आरपार गेलेला आणि दुसऱ्या बाजूने दुकानाचं नाव सुलट, ठसठशीत दिसत होतं. मी ते लगेच दारावर ताणून बांधलं.

"काका, अर्धवट कसला? तो बोर्ड, हा बॅनर. जावयाने एका रंगात दोन काढून घेतले!"

सासरे एकदम खूश. पेढा तोंडात टाकून लेकीला म्हणाले, "हुशार आहे हो तुझा नवरा. बरं, मला आहेरात नवं धोतर देणार होता, ते कुठाय?"

नंदू हळूच बॅनरकडे बघायला लागला.

मी म्हटलं, "काका, दुकान बंद झालं की उतरवून देतो."