जेवत्या भुताला उठवायचं कसं?

...आणि वर मलाच विचारतो, "आई, अडलीस कुठे?" अडले कुठे म्हणजे? स्वयंपाकघरात अडले! जन्मभर तिथेच अडलेय, आता कॉम्प्युटरवरच्या स्वयंपाकघरात अडले, एवढंच!

तुम्हाला सांगते, आमच्या मुकुलने पुण्याची चांगली नोकरी सोडली आणि इथे रत्नागिरीत, घरी वरच्या खोलीत बसून एक खेळ केला. भुताटकीच्या घराचा. छोटासाच, चहा निवेपर्यंत संपेल एवढा. घरभर भुतं, माउसने त्यांच्यावर टिचक्या मारायच्या, मारत सुटायचं, भूत हळूहळू विरत जातं, घर रिकामं झालं की संपला खेळ. त्यासाठी नोकरी सोडावी लागते का, ते मला विचारू नका, आमच्या ह्यांना विचारा. ह्यांनी त्याला बजावलं, "शनिवारी सहाच्या आत हे त्या खेळांच्या स्पर्धेला गेलं तर गेलं, नाहीतर रविवारी गपचूप पुण्याची गाडी धर." मी काय करणार? वेळणेश्वराला हात जोडले आणि खेळ जाईपर्यंत भात सोडला. भात! कोकणात राहून! सकाळचा मऊ भात नाही, दुपारचा आमटीभात नाही... भाकऱ्या चावून चावून जबडा दमला हो!

आणि शनिवारी दुपारी मुकुल म्हणतो, "ज्याने कधीच असला खेळ खेळला नाही, अशा माणसाने एकदा पुरा केला की पाठवतो." असं माणूस घरात कोण? मीच!

त्याने कॉम्प्युटर खाली आणून मांडला, तो वर गेला, मी बसले. नाम घेत टिचक्या मारू लागले, जपाची सवय, हात आपला चालतो. पडवीतलं भूत गेलं, माळ्यावरचं गेलं, विहिरीवरचं तर पळालंच. मग स्वयंपाकघर उघडलं, आणि बघते तर काय... पाटावर एक म्हातारी बसलेली, केस मोकळे, समोर ताट, ताटात वाफाळता भात, आणि घास घेतेय बाई! आता मला सांगा, जेवत्या माणसाला ताटावरून उठवायचं कसं?

हे मागून ओरडले, "अगो, मार की टिचकी! भूत आहे ते!"

भूत असलं म्हणून काय झालं? जेवतेय ना? होऊ दे तिचं, मग मारते. म्हणून थांबले. ती घास घेते, चावते, हात खाली... परत घास घेते. मी थांबलेय. शेजारची राजश्री विरजण मागायला आली, तीही टेकली. "काकू, वाढायला कोणी नाही वाटतं हिला? नुसताच भात खातेय गो, आमटी नाही, ताक नाही..." पाच वाजले. म्हातारी जेवतेय! राजश्री म्हणाली, "काकू, दात नसतील, वेळ लागतो." मी मान डोलावली. पण भात सोडलेल्या बाईने दुसरीचा भात किती वेळ बघायचा हो? आणि जेवत्या माणसाला उठवायचं तरी कसं?

साडेपाचला मुकुल खाली आला आणि कपाळावर हातच मारला. "आई, ती तीन चित्रं आहेत! तीच परत परत फिरतात! तिचं जेवण कधीच संपणार नाही!"

"म्हणजे तिचं पोट भरायची सोयच नाही केलीस?"

"भूत आहे ती!"

"म्हणूनच रे... उपाशी गेली असेल, म्हणून तर तिथे बसलीय."

हे घड्याळाकडे बघताहेत, मी देवाकडे. मुकुल माझ्या शेजारीच बसला, काय काय ठोकलं, रेषा ओढल्या... आणि म्हणाला, "आता टिचकी न मारता बघ."

आणि काय सांगू! म्हातारीने ताट पुसून खाल्लं, ढेकर दिली, हात धुतला आणि स्वतःहून दार लोटून निघून गेली! राजश्रीने डोळे पुसले. सहाला जेमतेम तीन मिनिटं असताना खेळ गेला. नंबर येईल न येईल, पुण्याची गाडी तर टळली!

रात्रीच्या भाकऱ्या आधीच झाल्या होत्या. म्हटलं, उद्या सकाळी... मऊ भात, साजूक तूप, मेतकूट, पोह्याचा पापड. सकाळी अंघोळ करून तांदूळ धुतले, आधण ठेवलं, आणि बाहेरून ह्यांचा आवाज. कॅलेंडर बघत होते.

"अगो, आज एकादशी ना?"

आणि साबुदाणासुद्धा भिजवलेला नव्हता हो!