खाकरून येणारा माणूस

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष, आपल्या गावचे सरपंच माननीय विनोदराव, कामाच्या गडबडीतून आवर्जून आलेले ठाणेदारसाहेब, आज निवृत्त होत असलेले आपले पोलीस पाटील दौलतकाका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या कस्तुराकाकू, आणि समोर जमलेल्या माझ्या माय-बहिणींनो, बंधूंनो,

पोलीस पाटलाच्या निरोपाला शाळेतल्या बाईनं का बोलावं, असं काहींना वाटलं असेल. पण मी तनुजा, इथे शिक्षिका म्हणून नाही, लिलाबाईंची लेक म्हणून उभी आहे. आणि मी न्हाणीबद्दल बोलणार आहे. ठाणेदारसाहेब, दचकू नका, विषय सरकारीच आहे!

काकांची एक सवय अख्ख्या गावाला पाठ आहे. कुठल्याही गल्लीत वळण्याआधी ते मोठ्यानं खाकरतात. कुणी दारात केस विंचरत असेल, कुणी ओलेत्यानं न्हाणीतून घरात जात असेल, तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून. आम्ही पोरी तुमची नक्कल करायचो काका, ठाऊक होतं ना?

मग गावात कॅमेरे आले. का आले, तेही सांगायला हवं. मळ्यांतल्या विहिरींवरच्या मोटारी चोरीला जात होत्या. कारंज्याच्या बाजारासाठी तोडून ठेवलेली वांगी सकाळी जागेवर नसायची. विनोदरावांनी खेटे घालून निधी आणला आणि चोर सापडले. माझ्या वडिलांची मोटार त्या कॅमेऱ्यांमुळेच परत आली. ते मी कशी विसरेन?

चुकली ती एका कॅमेऱ्याची जागा. सगळे मळे दिसावेत म्हणून तो पाण्याच्या टाकीवर चढवला. मळे दिसले, आणि अलीकडच्या आमच्या न्हाण्याही दिसल्या. चार पत्रे उभे, वर आभाळ! आजवर वरून बघत होतं कोण? पाखरं. जागा ठरवणाऱ्यांत एकही बाई नव्हती, त्यामुळे कुणाच्या डोक्यात आलंच नाही. बायका लुगड्यासकट अंघोळ करू लागल्या. ग्रामपंचायतीतल्या पडद्यावर आपण दिसतो, हे बोलणार कोण आणि कुणापाशी?

बोलली माझी आई. काका नेहमीसारखे खाकरत गल्लीत आले, तशी ती पदर सावरून दारात आली. म्हणाली, "दौलतभाऊ, तुमी त खाकरून येता. त्या टाकीवरच्याले खाकराले कोन शिकवन?"

काका तिथूनच मागे फिरले आणि त्यांनी त्या कॅमेऱ्याची वायर काढून ठेवली.

ग्रामसभा अशी तापली की विचारू नका. अध्यक्षमहाराज, राग मानू नका, तुम्हीच म्हणाला होतात, "ज्याच्या मनात चोर नाई, त्यानं भ्याव कायले?"

काका शांतपणे म्हणाले, "मनात चोर नसला तरी मानूस आंग धुतानी दार लावतेच ना, भाऊ?"

सभा हसली. तुम्ही मात्र हसला नाहीत. "अन् उद्या चोरी झाली त?" असं विचारलंत. प्रश्न खोटा नव्हता. मोटार गेली तर मळा वाळतो.

"झाली त सायबाले सांगून माह्यी पाटीलकी काढून घ्या," काका म्हणाले. "पन बायायचा आडोसा मोडून राखन कराची असन, त ते मले जमत नाई."

एका बाईनं दारात विचारलेल्या प्रश्नासाठी हा माणूस आपलं पद पणाला लावत होता. मी मागच्या सतरंजीवर बसले होते, आणि मला त्यांचा अभिमान वाटला होता. आजही वाटतो.

विनोदरावांचं मनही मोठं. त्यांनी कॅमेरा खाली उतरवला, फाट्यावर लावला. चित्रण एकट्यानं बघायचं नाही, सोबत बाई सदस्य हवीच, असा ठराव झाला. प्रत्येक कॅमेऱ्याखाली ठळक पाटी लागली: इथे कॅमेरा आहे. आई त्या पाटीला कॅमेऱ्याचं खाकरणं म्हणते. चोरही पकडले जातात आणि आम्ही निवांत अंघोळही करतो. आजूबाजूच्या गावांतून लोक आमचा ठराव मागायला येतात, तेव्हा मी मुद्दाम काकांच्या घरावरून नेते त्यांना!

मला बोलू दिलंत, आपली आभारी आहे. सभेत न काढण्याजोगी गोष्ट काढली, अध्यक्षांची थट्टाही केली. घरचीच लेक म्हणून पोटात घाला.

जाता जाता, समोर बसलेल्या माझ्या आईचा निरोप. ती माईकपाशी यायला तयार नाही. ती म्हणते, "दौलतभाऊ, उद्यापासून तुमी पाटील नाई, माहे भाऊ. जेवाले या. अन् दाराशी खाकरू नका, सरळ आत या."