काका येतीलच

अकरा सेकंद म्हणालो का मी मघाशी? नऊही असतील, ताई. अकरा हा आकडा मी इतक्या वेळा सांगितलाय की आता तो मला आठवतोय की नुसता पाठ झालाय, हे माझं मलाच कळत नाही. पण दाराआड मी उभा होतो, हातात साखर मागायची रिकामी वाटी होती आणि दारापलीकडे दोनशे प्रेक्षक गप्प बसले होते, एवढं नक्की. म्हणजे — बऱ्यापैकी नक्की. लावा, पावडर लावा, कपाळावर जरा जास्त लावा, मला घाम फार येतो. तेव्हाही यायचा. आमचे रंगभूषाकार म्हणायचे, सर, तुमच्या तोंडाला रंग लावायचा म्हणजे ओल्या भिंतीला चुना फासायचा. सगळे मला सरच म्हणायचे, कारण मी सकाळी कॉलेजात भाषाशास्त्र शिकवायचो आणि दुपारी येऊन तोंडाला रंग लावायचो. आणि हो, त्या आरशावरच्या सूचनेत 'शांतता पाळावी'मधला 'वी' ऱ्हस्व होता, तो मी पेनानं दीर्घ केलाय — रागावू नका. सवय आहे. कुठलाही कागद दुरुस्त केल्याशिवाय मला वाचताच येत नाही. औषधाच्या बाटलीबरोबर येतो ना, तो चिटोरासुद्धा. परवा मुलीनं गॅसपाशी चिठ्ठी चिकटवली, 'बाबा, गॅस बंद केला का?' — तर प्रश्नचिन्ह विसरली होती. मी घातलं. तिला वाटलं, मी तिची चेष्टा करतोय.

आमची टीव्हीवरची मालिका, समोर प्रेक्षक बसवून करायचो ती, तुम्ही कुठून पाहिली असणार, तुमचा तेव्हा जन्म तरी झाला होता का — झाला होता? बरं, पाळण्यात असाल. एका इमारतीतलं एक कुटुंब, घरजावई, त्याची ती टोमणे मारणारी वहिनी आणि वरच्या मजल्यावरचे काका. ते काका म्हणजे मी. आता शेजारच्या खोलीत तो जावई आणि ती वहिनी बसलेत, दर आठवड्याला मनाला येईल तो एकेक जुना भाग लावतात, मध्येच थांबवतात, हे काय नाटकी रडतेयस गं, हा तुझा केसांचा टोप होता की घरटं, असं काहीबाही बोलतात आणि लोक म्हणे ते फोनवर बघतात. लाखो लोक. मीही बघतो. तेवीस भाग झाले, एकही चुकवला नाही, शेजारी वही घेऊन बसतो. जावयाच्या एकेचाळीस चुका निघाल्यात. दिग्दर्शकाचं गाव चुकवतो, भागाचा क्रमांक चुकवतो, एकच गोष्ट एका तासात दोनदा सांगतो आणि दोन्ही वेळा तेवढंच हसतो. माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान आहे तो. चौऱ्याहत्तर म्हणजे काही विसरायचं वय नव्हे.

हनुवटी वर? ही घ्या.

मागच्या भागाच्या शेवटी काय म्हणाला, ऐकलंत ना तुम्ही? इथंच असाल की. म्हणाला, 'पुढच्या वेळी बघा हं, आमचे सर दाराआड स्वतःचं नावच विसरून गेले होते.' वहिनी हसली. लाखो लोक हसले असतील. माझी मुलगी हसली नाही, ताई. तिनं माझ्याकडे बघितलं — मी पाण्याचा नळ चालू ठेवला होता तेव्हा बघितलं होतं ना, तसं — आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खुंटीवरच्या किल्ल्या गायब. विचारलं तर म्हणते, 'बाबा, तुमचं हे आजचं थोडंच आहे? तुम्ही पहिल्यापासून विसरता, सगळ्या जगानं बघितलंय.' सोमवारी डॉक्टरकडे न्यायचं ठरवलंय तिनं, ते घड्याळाचं चित्र काढायला लावतात, त्या डॉक्टरकडे. आणि म्हाताऱ्यांना ठेवून घेणाऱ्या कुठल्याशा संस्थेचं माहितीपत्रक तिच्या पर्समध्ये आहे. त्यात सहा चुका आहेत. म्हणजे मी पर्स उघडली, हो. उघडली.

म्हणून आज आलोय. चेहरा दाखवायला नाही आलो.

मी विसरलो नव्हतो. हे बघा, हा कागद — हात कोरडे आहेत ना? — ही सदतिसाव्या भागाची मूळ संहिता. चौतीस वर्षं जपलीय. आमच्या टंकलेखिका बाईंचं यंत्र जुनाट, त्यातला च अर्धाच उमटायचा, काना ठसठशीत आणि पोट कुठं दिसतंय कुठं नाही, म्हणून आम्ही म्हणायचो बाईंचा च उपाशी आहे. हे बघा, 'चहा' — उपाशी. 'चार' — उपाशी. आता हे वाक्य वाचा. वहिनी म्हणते, 'साखर संपली की हो,' आणि जावई म्हणतो — वाचा — 'काका येतीलच.' येतीलच. त्या 'च'वर मी आत शिरायचं. माझा क्यू तो. आणि त्या दिवशी दोनशे लोकांसमोर हा गृहस्थ म्हणाला, 'काका येतील.' च खाल्ला. सरळ गिळला. मी दाराआड वाटी धरून उभा — च येईल, आता येईल, म्हणून.

हसताय. हसा, सगळेच हसतात. पण 'काका येतील' आणि 'काका येतीलच' एक नव्हे, ताई. मी चारशे बारा पानांचा प्रबंध लिहिलाय या एका अक्षरावर, त्याच्यावर डॉक्टर झालोय मी. 'तू आलास' म्हटलं की पाहुणा आत येतो, 'तूच आलास' म्हटलं की यजमानाचं तोंड वाकडं होतं. काका येतील — म्हणजे येतील किंवा न येतील, बिचारे. काका येतीलच — म्हणजे या माणसाची सगळ्या घराला धास्ती आहे. अख्खं पात्र त्या अक्षरात आहे. तो च मिळाला नाही तर मी कोण म्हणून आत जायचं?

तर मी थांबलो. नऊ सेकंद, अकरा सेकंद. मग यानं काय करावं? उठला, दार उघडलं, मला दंडाला धरून आत ओढलं आणि प्रेक्षकांना म्हणाला, 'बघा, काका दाराशीच विसरले कशाला आले ते.' असा हशा पिकला की बत्त्या हलल्या. मालिकेतला सगळ्यात मोठा हशा. तिथून पुढं लेखक मला तेच लिहायला लागले. दर भागात काका दाराआड, दर भागात काका विसरले. माझी वाक्यं चाराची दोन झाली, दोनाचं एक झालं, शेवटी नुसतं दार आणि वाटी. वर्गात शिरायला लागलो की मागच्या बाकावरून आवाज यायचा — 'काका, आठवलं का?' विभागप्रमुखपदाच्या मुलाखतीला गेलो तर समितीतले एक गृहस्थ म्हणाले, 'या सर, दार उघडंच आहे, शिराल ना आत?' सगळे हसले. मीही हसलो. पद दुसऱ्याला गेलं. त्या समितीत मी असतो तर मी तरी मला दिलं असतं का, कुणास ठाऊक. पण हसलो नसतो.

त्या दिवशी रंगपटात मी त्याला सगळ्यांसमोर झाडला. कागद नाकाशी धरून विचारलं, वाचता येतं का तुला? हा च कुठं गेला? तो कागदाकडे बघतच राहिला. मग म्हणाला, 'चुकलं, सर.' एवढंच. वाद नाही, काही नाही. आणि मग चौतीस वर्षं आमच्यात अवाक्षर नाही. म्हणजे तो बोलायचा, पत्रं पाठवायचा, मुलीच्या लग्नाला येऊन गेला. मी बोललो नाही. आमची ही असेतोवर म्हणायची, 'अहो, एका अक्षरापायी माणूस किती दिवस तोडायचा?' मी म्हणायचो, जोवर ते अक्षर परत मिळत नाही तोवर. आता ती नाही, तेव्हा विचारणारंही कुणी नाही.

आज मी काय करणार सांगू? ते बोलावतील, मी जाऊन बसेन, तो भाग लागेल. तो त्याचा विनोद सांगेल. सांगू द्यायचा. मग हा कागद मी टेबलावर ठेवणार — मुकाट्यानं — आणि म्हणणार, बाळ, याच्या पुढचं तुझं वाक्य कुठलं, सांग बघू. कागद न बघता. लाखो लोकांसमोर. त्याला येणार नाही, ताई. वहीत लिहून ठेवलंय मी, गेल्या पाच भागांत त्याला एकसुद्धा वाक्य स्वतःहून आठवलेलं नाही, वहिनीच पुढं सरकवते. मग बघू दे सगळ्यांना, दाराआड कोण उभं आहे. माझ्या मुलीलाही बघू दे.

काय झालं? ब्रश का थांबला?

अच्छा. म्हणजे तुम्हालाही माहीत आहे. वहिनीनं सांगू नका म्हटलंय का कुणाला? असणार. तळहातावर? तुम्हीच लिहून देता? दर वेळी? काय — वहिनीचं नाव, भागाचा क्रमांक — स्वतःच्या नातवाचं नावसुद्धा? बरं झालं सांगितलंत. नाही, नाही, तुमचं नाव कुठं येणार नाही. मला फक्त कळायला हवं होतं. म्हणजे मी म्हणेन, हात टेबलावर उताणे ठेव. एवढंच म्हणेन.

अशा बघू नका माझ्याकडे. तुमच्या वडलांच्या वयाचा आहे मी. तुमच्या वडलांवर सगळं जग चौतीस वर्षं हसलं असतं, तर तुम्ही काय पावडर लावत बसला असता? — वडील नाहीत? माफ करा. चुकलो.

काय म्हणता, ठिपका? कुठं? हां, हा. 'येतील' आणि 'च'च्या मध्ये. तो डाग आहे. यंत्राची फीत जुनी, शाई उडते. काढा ना ते बोट, पुसट होईल. आणि हा च भरलेला दिसतो, हो, दिसतो खरा, कधीमधी बसायचा नीट ठसा बाईंच्याही यंत्राचा. सगळेच उपाशी असतील असं थोडंच. कॉलेजात आमच्या विभागातल्या यंत्राचा च मात्र ठणठणीत होता — मी रोज त्यावरच काम करायचो, संहिता आली की तिथंच बसून वाचायचो, ऱ्हस्व-दीर्घ सारखं करायचो — पण त्याचा इथं काय संबंध. ते राहू द्या.

आज काय लिहिलंत त्याच्या हातावर?

नाही, सांगा. सांगितलंत तर मी उताणे ठेव म्हणणार नाही. शब्द देतो. — एकच अक्षर? बाकी काही नको म्हणाला? नातवाचं नावसुद्धा नको? कुठलं अक्षर, ताई?

थांबा. बोलू नका. तो वरचा स्पीकर — लागलाय तो. वहिनीचा आवाज आहे. 'साखर संपली की हो.' मूळ वाक्य म्हणून दाखवतायत वाटतं, मला बोलवायला. ही वहिनीचीच कल्पना, मला दारातून आणायचं, तसंच. वाटी नाही माझ्याकडे. बघा, आता तो —

'काका येतीलच.'

म्हणाला.

ऐकलंत ना तुम्ही? मलाच ऐकू आलं असं नाही ना? च म्हणाला. पूर्ण, भरलेला. बायकोचं नाव आठवत नसेल त्याला कदाचित आणि हे —

जातो. उठतो आता. गुडघा जरा — नाही, धरू नका, तुम्ही दंड धरलात तर तेच चित्र होईल. कागद? राहू दे माझ्याकडे. की तुमच्याकडे राहू दे? नको, द्या इकडे.

पुन्हा म्हणाला. तसाच. वहिनी हसतेय, पण जरा घाबरून हसतेय, ऐका. तुम्ही घड्याळाकडे बघू नका, ताई. सेकंद मोजू नका. दार लोटून घ्या आणि जा तुम्ही, सांगा त्यांना, येतोय म्हणावं. नुसतं येतोय. जा.

जाताना एवढं ऐकून जा, तुम्ही बोट ठेवलंत म्हणून. सहा वर्षांपूर्वी मी आमच्या टंकलेखिका बाईंकडे गेलो होतो, हाच कागद घेऊन, त्यांच्याकडून खात्री करून घ्यायला. फार म्हाताऱ्या झाल्यात. त्यांनी ट्रंकेतून कार्बनची प्रत काढली, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, भिंग लावलं, आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, 'हा च माझ्या यंत्रावरचा नाही, सर. आणि हा डाग नाही. हा माझा पूर्णविराम आहे.'